दान्तेच्या नरकातील पापांची उतरंड

महाराष्ट्रात निवडणुका जवळ आल्या किंवा एखाद्या प्रश्नावर समाज दुभंगला, की नातेवाइकांच्या आणि शाळासोबत्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक वाक्य हमखास फिरू लागते. नैतिक पेचप्रसंगात जे तटस्थ राहतात, त्यांच्यासाठी नरकातील सर्वांत तप्त जागा राखून ठेवलेली असते, असे ते वाक्य असून त्याखाली दान्ते या इटालियन कवीचे नाव असते. मी बरीच वर्षे इटलीतील बोलोन्या शहरात राहते. माझी मुलगी येथील उच्च माध्यमिक शाळेत शिकते आणि तेथे शेवटच्या तीन वर्षांत दान्तेचे ‘डिव्हाइन कॉमेडी’ हे महाकाव्य क्रमाने शिकवले जाते, म्हणून घरात त्याची पुस्तके सतत उघडी असतात. त्या आधारावर सांगते, की हे वाक्य दान्तेच्या काव्यात कोठेही नाही. अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांनी ते दान्तेच्या नावावर भाषणांत वापरले आणि तेथून ते जगभर पसरले.

काव्यात प्रत्यक्षात जे आहे, ते वेगळे आणि माझ्या मते अधिक कठोर आहे. ज्यांनी आयुष्यभर ना चांगल्याची बाजू घेतली ना वाइटाची, ते दान्तेला नरकाच्या दाराशी, पण पहिल्या वर्तुळाच्याही अलीकडे भेटतात. स्वर्गाने त्यांना हाकलले आहे आणि नरकही त्यांना आत घेत नाही. एका फिरत्या निशाणामागे ते उघड्या अंगाने अखंड धावत असतात आणि गांधीलमाश्या व गोमाश्या त्यांना डसत असतात. वाटाड्या म्हणून सोबत असलेला रोमन कवी व्हर्जिल दान्तेला सांगतो, की यांच्याविषयी बोलू नकोस, एक नजर टाक आणि पुढे चल. आणि नरकाच्या अगदी तळाशी, जेथे सर्वांत घोर पापी आहेत, तेथे आग नाहीच. तेथे गोठलेले सरोवर आहे.

हा तपशील मी पांडित्य मिरवण्यासाठी सांगत नाही. या काव्यात कोण किती खाली आहे, यातच कवीचा सगळा युक्तिवाद सामावलेला आहे. जागा बदलली की अर्थ बदलतो. आणि घरच्या, म्हणजे महाराष्ट्रातल्या, चर्चा दुरून ऐकताना मला वारंवार असे वाटते, की आपल्याकडे पापाची चर्चा भरपूर होते, पण कोणते पाप वरचे आणि कोणते तळाचे, याचा विचार जवळजवळ होतच नाही.

दान्ते अलिगिएरीचा जन्म १२६५ साली फ्लॉरेन्समध्ये झाला आणि १३२१ साली तो रावेन्नात वारला. त्याच्या काव्याचे नरक, शुद्धिलोक (जेथे तरलेले जीव पापे धुऊन स्वर्गाकडे जातात) आणि स्वर्ग असे तीन खंड आहेत. एकूण सर्ग शंभर, ओळी चौदा हजारांहून अधिक. त्यातला नरक म्हणजे पृथ्वीच्या गाभ्यापर्यंत निमुळता होत गेलेला खड्डा. त्याची नऊ वर्तुळे आहेत, आणि जसजसे खाली जावे तसतसे पाप जड होत जाते. अकराव्या सर्गात व्हर्जिल या रचनेमागचे तत्त्व ॲरिस्टॉटलच्या आधाराने समजावून सांगतो. वरच्या वर्तुळांत असंयमाची पापे आहेत : कामवासना, खादाडपणा, हाव आणि उधळपट्टी, क्रोध. हे लोक स्वतःला आवरू शकले नाहीत. त्याखाली पाखंडी आहेत आणि त्यांच्याखाली हिंसा करणारे. हिंसेच्याही खाली, आठव्या वर्तुळात, कपट करणारे आहेत, आणि नवव्यात, अगदी तळाला, ज्यांनी आपल्यावर विश्वास ठेवणाऱ्यांचाच घात केला ते आहेत. बळजबरी पशूही करतो, पण फसवण्यासाठी बुद्धी लागते, आणि माणसाला मिळालेली श्रेष्ठ देणगी माणसाविरुद्धच वापरणे ईश्वराला अधिक अप्रिय आहे, असे व्हर्जिलचे म्हणणे आहे. कपटाने माणसामाणसांतला सर्वसाधारण बंध तुटतो. विश्वासघाताने त्यासोबत, भरवसा टाकून जोडलेला खास बंधही तुटतो.

या रचनेत स्त्रीपुरुषांचे अनैतिक ठरवलेले प्रेम कोठे येते, हे पाहण्यासारखे आहे. ते दुसऱ्या वर्तुळात येते, म्हणजे जेथे शिक्षा आहे अशा वर्तुळांत ते सर्वांत वरचे, सर्वांत हलके. तेथे वादळात भिरभिरणाऱ्या जिवांमध्ये दान्तेला फ्रान्चेस्का आणि पाओलो दिसतात. फ्रान्चेस्का रावेन्नाच्या दा पोलेन्ता घराण्यातली. तिचे लग्न रिमिनीच्या मालातेस्ता घराण्यातील जानचोत्तोशी झाले आणि तिचे प्रेम त्याच्या धाकट्या भावावर, पाओलोवर बसले. जानचोत्तोने दोघांनाही ठार केले. ही १२८०च्या दशकातील घटना आहे. दान्तेने तिला नरकात ठेवले हे खरे, पण तिची कहाणी ऐकून तो स्वतः बेशुद्ध होऊन कोसळतो. आणि त्याच कहाणीत फ्रान्चेस्का एक ओळ बोलते, जी मला या सबंध सर्गात सर्वांत महत्त्वाची वाटते : ज्याने आमचा जीव घेतला, त्याची कैना वाट पाहते आहे. कैना हा नवव्या वर्तुळाचा पहिला भाग आहे, तेथे आप्तांचा घात करणारे बर्फात गाडलेले आहेत. म्हणजे ज्या दोघांनी विवाहाची मर्यादा ओलांडली ते वरून दुसऱ्या वर्तुळात, आणि घराण्याच्या अब्रूसाठी त्यांना मारणारा नवरा सात वर्तुळे खाली, तळात. चौदाव्या शतकाच्या आरंभी, ज्या काळात अशा नवऱ्याला समाज मूक संमती देत असे, त्या काळात एका धर्मनिष्ठ कवीने हा हिशेब मांडला.

नगर जिल्ह्यात सोनई येथे २०१३ साली आणि खर्डा येथे २०१४ साली प्रेमाच्या किंवा प्रेमाच्या नुसत्या संशयावरून दलित तरुणांच्या हत्या झाल्या. त्यानंतरच्या काळातील मराठी चर्चा मी येथून वाचत आले आहे. त्या चर्चांमध्ये हत्येचा निषेध होता, यात शंका नाही. पण निषेधाच्या पाठोपाठ ‘पण’ येत असे : पण मुलांनीही विचार करायला हवा होता, पण आईबापांचे काय, पण समाजात तोंड कसे दाखवायचे. या ‘पण’मुळे दोन गोष्टी एकाच तराजूत, जवळजवळ सारख्या वजनाच्या म्हणून ठेवल्या जातात. २०२२ च्या डिसेंबरात राज्य सरकारने आंतरधर्मीय विवाहांची माहिती ठेवण्यासाठी आणि अशा विवाहितांच्या कुटुंबांशी समन्वय साधण्यासाठी समिती नेमली. त्यावरचे वाद वाचतानाही हेच जाणवले, की सज्ञान माणसांचे लग्न ही राज्याने लक्ष ठेवण्याची बाब आहे, हे अनेकांनी गृहीतच धरले होते. कोणी कोणावर प्रेम करावे हा आपल्याकडे नीतीचा पहिला प्रश्न असतो. ज्याच्या हाती मुलगी विश्वासाने वाढली, त्यानेच तिच्यावर किंवा तिच्या प्रियकरावर हात टाकला, तर त्याला काय म्हणावे, हा प्रश्न मागाहून येतो.

इटलीला यातून वर ठेवण्याचा माझा हेतू नाही. जो देश शाळाशाळांतून फ्रान्चेस्काचा सर्ग पाठ करून घेत होता, त्याच देशाच्या दंडसंहितेत कलम ५८७ होते. पत्नी, मुलगी किंवा बहीण यांचे अवैध संबंध उघड झाल्यावर अब्रूच्या संतापात कोणी खून केला, तर त्याला तीन ते सात वर्षे एवढीच शिक्षा, असे ते कलम सांगत होते. ते १९८१ च्या ऑगस्टमध्ये रद्द झाले. कैनाची ओळ लिहिली गेल्यानंतर साडेसहाशेहून अधिक वर्षांनी. त्यामुळे महान ग्रंथ अभ्यासक्रमात असला म्हणजे समाज आपोआप सुधारतो, असे मी म्हणू शकत नाही. ग्रंथात एक माप पडून असते आणि ते हाती घेऊन मोजण्याचे काम प्रत्येक पिढीला वेगळे करावे लागते, एवढेच येथे राहून दिसते.

आता खाली उतरू. आठव्या वर्तुळात दहा खंदक आहेत आणि पाचव्या खंदकात उकळते डांबर आहे. व्हेनिसच्या गोदीत हिवाळ्यात जहाजांच्या डागडुजीसाठी डांबर कढवतात तसे ते आहे, असे दान्ते म्हणतो. त्यात सार्वजनिक पदावर राहून लाच खाणारे, अधिकार विकणारे बुडवलेले आहेत. कोणी डोके वर काढले की राक्षस त्याला आकड्यांनी टोचून पुन्हा आत ढकलतात. दान्तेने या खंदकाला दोन सर्ग दिले आहेत. त्यामागे त्याच्या आयुष्यातले एक कारण आहे आणि ते घरच्या चर्चांच्या संदर्भात फार बोलके आहे.

१३०० सालच्या उन्हाळ्यात दान्ते दोन महिने फ्लॉरेन्सच्या सर्वोच्च शासकमंडळावर होता. शहरातील दोन गटांतली भांडणे विकोपाला गेली तेव्हा या मंडळाने दोन्ही गटांच्या म्होरक्यांना हद्दपार केले. त्यात दान्तेचा जिवलग मित्र, कवी ग्विदो काव्हाल्कान्ती होता. पुढे सत्तापालट झाला आणि विरुद्ध गट वर आला. २७ जानेवारी १३०२ रोजी दान्तेवर ठपका ठेवला गेला तो नेमका याच पापाचा, पदाचा गैरवापर करून पैसा खाल्ल्याचा. दंड आणि दोन वर्षांची हद्दपारी झाली. तो हजर झाला नाही, म्हणून १० मार्च रोजी सापडल्यास जिवंत जाळण्याची शिक्षा सुनावली गेली. तो पुन्हा कधीही फ्लॉरेन्सला परतला नाही. आरोप राजकीय सूडाचा होता, याविषयी अभ्यासकांत फारसे दुमत नाही. फ्लॉरेन्सच्या नगरसभेने तो निकाल मागे घेण्याचा ठराव २००८ साली केला.

येथे मला थांबावेसे वाटते. आपल्याकडे तपास यंत्रणा विरोधकांच्याच दारी जातात आणि पक्ष बदलला की चौकशी थंडावते, अशी भावना लोकांत खोलवर रुजली आहे, आणि ती निराधार आहे असे म्हणणे कठीण आहे. पण त्या भावनेतून जो निष्कर्ष निघतो तो मला घातक वाटतो. सगळेच आरोप राजकीय असतात, म्हणून भ्रष्टाचार हा मुळी नीतीचा विषयच राहिलेला नाही, असे आता सुशिक्षित माणसेही सहज बोलून जातात. ज्याच्यावर खोटा आरोप झाला, ज्याचे घरदार गेले, ज्याची मुलेही पुढे त्याच शिक्षेत ओढली गेली, त्या दान्तेने असा निष्कर्ष काढला नाही. आपल्यावरचा आरोप खोटा होता म्हणून ते पाप हलके आहे, असे त्याने म्हटले नाही. उलट त्याने ते हिंसेपेक्षा, खुनापेक्षाही खाली ठेवले. गावाचे पाणी, रस्ता, शाळा यांचा पैसा ज्याच्या हाती लोकांनी विश्वासाने दिला, त्याने तो विकला तर खून करणाऱ्यापेक्षा अधिक माणसांशी असलेला बंध तोडला, हा तो विचार आहे. तो पटो वा न पटो, तो आपल्या चर्चेत यायला हवा. येथे राहणाऱ्या मराठी माणसांतही मी पाहते, की नात्यातल्या मुलीने परधर्मीयाशी लग्न केले तर ती वर्षानुवर्षे कुजबुजीचा विषय होते, आणि टेंडरमध्ये टक्केवारी घेणारा नातेवाईक भेटीला आला तर त्याच्या स्वागताची मात्र तयारी होते.

नवव्या वर्तुळातील दुसरा भाग देशाचा आणि पक्षाचा घात करणाऱ्यांचा आहे. तेथे गळ्यापर्यंत गोठलेल्या माणसांच्या डोक्यांमधून चालताना दान्तेचा पाय एका चेहऱ्याला लागतो. तो माणूस नाव सांगायला तयार नसतो. दान्ते त्याचे केस धरून उपटतो, तरी तो बोलत नाही. शेवटी शेजारचाच दुसरा घातकी त्याचे नाव उघड करतो : बोक्का देल्यी आबाती. ४ सप्टेंबर १२६० रोजी मोन्तापेर्तीच्या लढाईत ऐन धुमश्चक्रीत त्याने आपल्याच फ्लॉरेन्सच्या घोडदळाच्या निशाणधारकाचा हात तोडला होता, आणि निशाण पडल्याबरोबर सैन्याचा धीर सुटला. सबंध नरकात पापी लोक दान्तेला विनवतात, की वर गेल्यावर आमची आठवण लोकांना दे. या तळात मात्र प्रत्येकाला आपले नाव विसरले जावे असे वाटते.

२०१९ ते २०२३ या काळात महाराष्ट्राने पहाटेचा शपथविधी पाहिला आणि दोन मोठे पक्ष उभे फुटलेले पाहिले. ‘गद्दार’ हा शब्द तेव्हापासून प्रत्येक सभेत, प्रत्येक बाजूने वापरला जातो. दान्ते वाचणाऱ्याला येथे एक भेद करावा लागतो, आणि तो भेद आपल्या चर्चेत हरवला आहे. दान्ते स्वतः आपल्या पक्षापासून वेगळा झाला होता. हद्दपारीतल्या सोबत्यांचे डावपेच त्याला असह्य झाले आणि तो एकटा पडला. स्वर्गखंडात त्याचा खापरपणजोबा काच्चाग्विदा त्याला सांगतो, की तू स्वतःच स्वतःचा पक्ष झालास हे तुझ्यासाठी भूषणावह ठरेल. तेव्हा पक्ष सोडणे म्हणजे विश्वासघात, असे समीकरण दान्ते मांडत नाही. मतभेद झाले, ते उघड बोलून दाखवले, किंमत मोजली आणि दूर झाला, असा माणूस त्याच्या नरकात नाही. शत्रूपक्षाचा सेनानी फारिनाता पाखंडी म्हणून सहाव्या वर्तुळात जळत्या थडग्यात आहे, पण तेथेही तो छाती काढून ताठ उभा आहे. सगळे फ्लॉरेन्स जमीनदोस्त करायला निघाले असताना शहराच्या बाजूने उघडपणे उभा राहणारा तो एकटा होता, याची नोंद दान्तेने आदराने केली आहे. बर्फात आहे तो ऐन लढाईत, आतून, लाभासाठी हात तोडणारा. मतदाराने एका निशाणावर दिलेले मत दुसऱ्या निशाणाखाली खर्च करणे यांपैकी कशात मोडते, हे प्रत्येक प्रकरणात वेगळे तपासावे लागेल. आपल्याकडे पक्षांतरबंदीचा कायदा १९८५ साली झाला आणि पुढे तो दोन तृतीयांशांच्या गणितात अडकला. किती जण एकत्र फुटले यावरून घात हलका की जड ठरावा, हा विचार दान्तेच्या काव्याशी सर्वस्वी विसंगत आहे. तो संख्या विचारीत नाही. तो विचारतो, की तुझ्यावर कोणी भरवसा ठेवला होता.

त्याच बर्फात पुढे दान्तेला एक चमत्कारिक गोष्ट कळते. पाहुण्यांना जेवायला बोलावून ठार करणारे तेथे आहेत. जेनोआचा ब्रान्का दोरिया त्यांच्यात दिसतो तेव्हा दान्ते बुचकळ्यात पडतो, कारण तो माणूस वर पृथ्वीवर जिवंत आहे, खातो, पितो, झोपतो, कपडे घालतो. उत्तर असे मिळते, की घात केला त्या क्षणीच त्याचा आत्मा खाली आला आणि वरच्या शरीरात आता सैतान वावरतो आहे. धर्मशास्त्राच्या दृष्टीने ही कल्पना वादग्रस्त आहे, कारण तिने जिवंत माणसाला पश्चात्तापाची संधीच नाकारली जाते. पण जनतेत सन्मानाने वावरणाऱ्या एखाद्या माणसाकडे पाहून आपल्याला जो अबोल त्रास होतो, त्याचे इतके अचूक चित्र मी दुसरीकडे वाचलेले नाही.

पश्चात्तापाविषयी दान्तेचे म्हणणे सर्वांत स्पष्ट होते ते ग्विदो दा मोन्तेफेल्त्रोच्या गोष्टीत. हा नामांकित सेनानी म्हातारपणी फ्रान्सिस्कन साधू झाला. पोप आठवा बोनिफास याला आपल्या शत्रूंचा गड घ्यायचा होता, म्हणून त्याने ग्विदोला सल्ला विचारला आणि वर आश्वासन दिले, की या पापाची क्षमा तुला आत्ताच, आगाऊ देऊन टाकतो. ग्विदोने सल्ला दिला : मोठे वचन द्या आणि थोडे पाळा. तो मेला तेव्हा संत फ्रान्सिस त्याला न्यायला आले, पण सैतानाने हक्क सांगितला. ज्याला पश्चात्ताप झालेला नाही त्याला क्षमा मिळू शकत नाही, आणि एखादी गोष्ट करण्याची इच्छा आणि तिचा पश्चात्ताप एकाच वेळी असू शकत नाहीत, हा त्याचा तर्क. पोपने दिलेली क्षमा तेथे फुकट गेली.

उलट बाजूला सम्राटपुत्र मान्फ्रेदी आहे. पोपने त्याला धर्मबहिष्कृत केले होते. १२६६ साली बेनेव्हेन्तोच्या लढाईत तो पडला आणि त्याचे प्रेतही उकरून हद्दीबाहेर टाकले गेले. तो दान्तेला शुद्धिलोकात, म्हणजे तरलेल्यांत भेटतो. माझी पापे भयंकर होती, असे तो सांगतो, पण अनंत करुणेचे बाहू इतके विशाल आहेत, की जो तिच्याकडे वळतो त्याला ती कवटाळते. ग्विदोचा मुलगा ब्वोनकोन्ते हाही असाच, रणांगणावर मरताना गाळलेल्या एका अश्रूवर तरला. बापाला पोपची क्षमा असून नरक, आणि मुलाला कोणाची क्षमा नसून मुक्ती. मात्र शुद्धिलोकाच्या दाराशी तीन पायऱ्या आहेत. आपले रूप आरशासारखे दाखवणारी पांढरी, भेगाळलेली काळी आणि रक्तासारखी लाल. पारंपरिक भाष्यकार त्यांचा अर्थ कबुली, पश्चात्ताप आणि भरपाई असा लावतात. पक्षात घेतले की जुने सगळे धुतले जाते, याला घरी आता वॉशिंग मशीन असे नावच पडले आहे आणि सर्व बाजूंचे समर्थक आपापल्या यंत्राचे समर्थन करतात. त्या यंत्रात या तिन्हींपैकी एकही पायरी नाही. कोणी कबूल केले, कोणाला वाईट वाटले, कोणी पैसे परत केले, असे माझ्या वाचनात तरी आलेले नाही.

या काव्यातील सगळे मी स्वीकारते असे नाही. अठ्ठाविसाव्या सर्गात इस्लामच्या प्रेषितांचे जे चित्रण आहे ते अपमानकारक आहे. पंधराव्या सर्गात समलिंगी पुरुष आगीच्या पावसाखाली चालत आहेत आणि त्यांत दान्तेचे गुरू ब्रुनेत्तो लातीनी आहेत. त्यांच्याशी तो पुत्रासारख्या आदराने बोलतो, पण त्यांची शिक्षा अन्याय्य आहे असे म्हणत नाही. २०२४ साली त्रेविझो येथील एका शाळेत दोन मुस्लिम विद्यार्थ्यांना दान्तेच्या अभ्यासातून सूट दिल्याचे प्रकरण देशभर गाजले, तेव्हा आमच्या घरीही यावर बोलणे झाले. सूट देणे मला योग्य वाटत नाही, आणि त्या ओळी दडवणेही. मुलीच्या वर्गात त्या वाचल्या गेल्या आणि त्या काळी युरोपातल्या ख्रिस्ती लोकांना इस्लाम ही ख्रिस्ती धर्मातून फुटलेली शाखा कशी वाटत असे, हे शिक्षिकेने सांगितले. त्याच काव्यात इब्न सीना, इब्न रुश्द आणि सलाउद्दीन हे तिघे मुस्लिम पहिल्या वर्तुळात, होमर आणि ॲरिस्टॉटल यांच्याप्रमाणेच सन्मानाने आणि यातनेविना आहेत, हेही सांगितले. महाराष्ट्रात अभ्यासक्रमावरून वाद होतात तेव्हा पाठ ठेवा किंवा काढा एवढे दोनच पर्याय समोर असतात. शिकवणाऱ्याने काय सांगावे, याची चर्चा कोणी करीत नाही.

सर्वांत मोठी अडचण मला वाटते ती नरकाच्या नित्यतेची. येथून बाहेर पडण्याची आशा सोडा, असे त्याच्या दारावरच कोरले आहे. आपल्याकडच्या पुराणांतील नरक कितीही भयंकर असले तरी भोग संपला की जीव तेथून सुटतो. त्या दृष्टीने ते दान्तेच्या शुद्धिलोकाला अधिक जवळचे आहेत. १२९० साली, ज्या वर्षी दान्तेची प्रिया बेआत्रिचे फ्लॉरेन्समध्ये वारली, त्याच वर्षी नेवाशात ज्ञानेश्वरी पूर्ण झाली. तिच्या शेवटी ‘जे खळांची व्यंकटी सांडो’ असे मागणे आहे. तेथे दुष्टांचा नाश मागितलेला नाही, त्यांचे वाकडेपण जावे एवढेच मागितले आहे. मी त्या मागण्याच्या बाजूची आहे. पण वाकडेपण जावे असे म्हणण्याआधी वाकडे काय आहे आणि किती, हे ठरवावे लागते, आणि त्या कामात दान्तेएवढा शिस्तीचा सोबती मला मिळालेला नाही.

त्याने ही शिस्त आपल्यांपासून लावली. स्वतःच्या पक्षाचे, स्वतःच्या शहराचे, स्वतःच्या धर्माचे प्रमुख त्याने नावानिशी नरकात ठेवले. धर्मपदे विकणारे पोप खडकातील भोकांत उलटे रोवलेले आहेत आणि त्यांच्या तळपायांवर ज्वाळा आहेत. आमच्या बोलोन्याच्या एका सरदाराने आपल्या बहिणीला एका उमरावाकडे विकले, तो अठराव्या सर्गात सांगतो, की येथे बोलोन्याचे इतके लोक आहेत की नरक त्यांनी भरून गेला आहे. फ्लॉरेन्सला कवी म्हणतो, आनंद कर, तुझे नाव नरकभर पसरले आहे. पिसाने नदीत बुडून मरावे असा शाप तो देतो. पण या शहरांनी त्याच्या पोथ्या जाळल्या नाहीत. १३२९ साली एका कार्डिनलच्या आज्ञेने जाळला गेला तो त्याचा राज्यशास्त्रावरील लॅटिन ग्रंथ. महाकाव्यावर मात्र १३७३ साली फ्लॉरेन्सनेच लेखक बोकाच्चोला पगार देऊन जाहीर व्याख्याने करविली. १९२१, १९६५ आणि २०२१ साली तीन पोपांनी त्या पोपविरोधी कवीचा गौरव करणारी पत्रे काढली. आज फ्लॉरेन्सच्या रस्त्यांवर त्याच्या ओळींच्या संगमरवरी पाट्या आहेत. भावना दुखावल्या म्हणून संस्था फोडल्या जातात, पुस्तके मागे घेतली जातात, अशा बातम्या घरून येतात तेव्हा मला या पाट्या आठवतात.

परदेशात राहून घरच्या नीतीवर बोलण्याचा अधिकार काय, असा प्रश्न मला विचारला जातो आणि तो रास्त आहे. दान्तेला हाकलले गेले होते, मी स्वेच्छेने आले. दुसऱ्याची भाकरी किती खारट लागते, हे त्याचे वाक्य आम्हा नोकरीसाठी आलेल्यांनी उसने घेणे योग्य नाही. १३१५ साली अपमानकारक अटींवर परतण्याची मुभा मिळाली ती त्याने नाकारली. आम्हाला परतायला कोणी अडवलेले नाही. स्वर्गखंडाच्या एकोणिसाव्या सर्गात हाच प्रश्न वेगळ्या रूपात येतो, आणि तेथे चक्क भारताचा उल्लेख आहे. सिंधू नदीच्या तीरावर एक माणूस जन्मतो, जेथे ख्रिस्ताविषयी सांगणारे, वाचणारे, लिहिणारे कोणी नाही. त्याची सगळी इच्छा आणि सगळी कर्मे निर्दोष आहेत. तो दीक्षेवाचून मरतो. त्याला दोषी ठरवणारा न्याय तो कसला, त्याचा अपराध कोणता? न्यायी राजांच्या आत्म्यांनी बनलेला गरुड आधी प्रश्नकर्त्यालाच फटकारतो : हजार मैलांवरचे वीतभर दृष्टीने पाहून न्याय करायला बसणारा तू कोण? हे वाक्य मी प्रत्येक लेखाच्या वेळी स्वतःसमोर ठेवते.

पण गरुड तेवढ्यावर थांबत नाही. ख्रिस्त, ख्रिस्त असा घोष करणारे कित्येक जण न्यायाच्या दिवशी ख्रिस्तापासून त्याला न ओळखणाऱ्यापेक्षाही दूर असतील, असे तो सांगतो, आणि लगेच त्या काळी सिंहासनावर असलेल्या ख्रिस्ती राजांची दुष्कृत्ये एकामागून एक मोजू लागतो. पुढच्याच सर्गात गरुडाच्या डोळ्याभोवती रिफेउस दिसतो. हा ट्रॉयचा मूर्तिपूजक, ख्रिस्ताच्या कित्येक शतके आधीचा. व्हर्जिलच्या काव्यात त्याच्याविषयी एवढेच आहे, की ट्रोजनांमध्ये तो सर्वांत न्यायी होता. त्या एका उल्लेखावर दान्तेने त्याला स्वर्गात नेले. घरी सध्या कोण कोणाचे नाव मोठ्याने घेतो, कोणती घोषणा देतो किंवा देत नाही, यावर माणसाची परीक्षा चालली आहे. ती परीक्षा घेणाऱ्या सर्व बाजूंच्या माझ्या आप्तांना हे दोन सर्ग मराठीत समजावून सांगण्याचे काम मी या दिवाळीत घरी आल्यावर करणार आहे, आणि त्यांनी मला गरुडाचा प्रश्न विचारावा, अशीही माझी अपेक्षा आहे.